फादर आल्वारिस : आज्ञापालन कोठवर?

केळवे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुरूचे बन, लांबच लांब पुळण आणि माहीमपर्यंत पसरलेले पानमळे उभे राहतात. किनाऱ्यावरचा पडका कोट आणि पाण्यातला पाणकोट पाहिला की पोर्तुगीज अमदानीची आठवण होते. केळवे, माहीम, तारापूर या पट्ट्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास त्याच अमदानीत सुरू झाला. या इतिहासाचे एक अंग मात्र आपल्या फारसे लक्षात येत नाही. येथील श्रद्धावंतांची घरे, वाड्या आणि बोली जागच्या जागी राहिल्या, पण त्यांचे बिशप बदलत गेले. शतकानुशतके गोव्याचे महागुरुस्वामी या किनाऱ्याचे मेंढपाळ होते. १८८६ साली दमण धर्मप्रांत स्थापन झाला आणि हा भाग त्याकडे गेला. १९२८ साली तो मुंबई महाधर्मप्रांतात आला. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांताची स्थापना झाली.

यांतील प्रत्येक बदल रोमहून आलेल्या आज्ञेने झाला. आज आपण तो सहज स्वीकारतो. परंतु एकोणिसाव्या शतकात अशाच एका आज्ञेने पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाज ढवळून निघाला होता. भाऊ भावापासून दुरावला आणि एकाच गावात दोन बिशपांना मानणारे दोन पक्ष उभे राहिले. त्या वादळात एका गोमंतकीय धर्मगुरूने पोपमहोदयांची आज्ञा मानण्यास नकार दिला आणि शेवटी तो कॅथलिक ख्रिस्तसभेबाहेर गेला. आंतोनियु फ्रान्सिस्कु झेवियर आल्वारिस हे त्यांचे नाव. त्यांचे जीवन पाहताना एक अवघड प्रश्न आपल्यासमोर येतो. पोपमहोदयांच्या आज्ञापालनाला मर्यादा आहे काय? असल्यास ती कोठे आहे?

वेर्ण्याचा मुलगा

आल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी गोव्यातील सासष्टी भागातल्या वेर्णे गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्याच्या गावांत त्या काळी धर्मगुरुपद हा घराण्याचा मान समजला जाई. हुशार मुलाने सेमिनरीत जावे, लॅटिन व पोर्तुगीज शिकावे आणि पुढे मुंबई, कारवार, मंगळूर किंवा सिलोन येथील ख्रिस्ती वस्त्यांत सेवेस जावे, ही रीतच पडून गेली होती. आल्वारिसही याच वाटेने गेले. धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यावर गोव्याच्या महागुरुस्वामींनी त्यांना ब्रिटिश हद्दीतील श्रद्धावंतांच्या सेवेसाठी पाठविले.

ते बुद्धीने तल्लख, लेखणीने धारदार आणि मनाने हळवे होते. रस्त्यावरच्या भिकाऱ्यांची दैना त्यांना पाहवत नसे. १८७१ साली त्यांनी पणजीत गोरगरिबांच्या मदतीसाठी एक धर्मादाय मंडळ सुरू केले. दुसऱ्या बाजूने त्यांची लेखणी वृत्तपत्रांतून चालत होती. धर्माधिकारी असो की सरकारी अधिकारी, जेथे अन्याय दिसे तेथे ते लिहीत. यामुळे गोव्याचे महागुरुस्वामी आंतोनियु सेबास्तियांव व्हालेंते आणि पोर्तुगीज सरकार या दोघांशीही त्यांचे बिनसले. पुढे जे घडले त्याची बीजे या स्वभावात होती. पण केवळ स्वभावदोष म्हणून ते बाजूला सारणे योग्य होणार नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

राजाश्रय आणि रोम

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील देशांत एक मोठी सवलत दिली. राजाने मिशनरी पाठवावेत, चर्चेस बांधावीत, धर्मगुरूंच्या उपजीविकेची सोय करावी आणि त्याच्या मोबदल्यात बिशपपदासाठी नावे सुचविण्याचा हक्क त्याला असावा, अशी ही व्यवस्था होती. तिला पाद्रोआदो, म्हणजे राजाश्रय, असे म्हणत. १५३४ साली स्थापन झालेला गोवा धर्मप्रांत या व्यवस्थेतच वाढला. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या चर्चेसही याच काळातल्या आहेत.

सतराव्या शतकात पोर्तुगालची सत्ता ओसरू लागली. जेथे राजाचे जहाज पोहोचत नव्हते तेथेही त्याचा हक्क मात्र कायम होता. म्हणून १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसारासाठी प्रोपागांडा फिदे ही परिषद स्थापन केली आणि रोम आपले प्रतिनिधी बिशप थेट पाठवू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोव्यात एतद्देशीय म्हणून ज्यांना दीक्षा नाकारली गेली, त्या दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो यांना रोमने जवळ केले आणि १६३७ साली बिशपपदाची दीक्षा दिली. लॅटिन पद्धतीच्या ख्रिस्तसभेतील ते पहिले भारतीय बिशप. म्हणजे त्या काळी स्थानिक माणसाची बाजू रोमने घेतली होती आणि राजाश्रयवाले आडवे आले होते.

दोनशे वर्षांनी चित्र उलटे झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई, माहीम, तारापूर ही ठाणी मराठ्यांकडे गेली. युरोपियन संन्यासी निघून गेले आणि या भागातील श्रद्धावंतांचा सांभाळ गोव्याहून आलेल्या व येथल्या मातीतल्या धर्मगुरूंनी केला. राजाश्रयाखालील ख्रिस्तमंदिरांत आता भारतीय धर्मगुरू होते. त्याउलट प्रोपागांडाने पाठविलेले बिशप इटालियन, आयरिश, जर्मन, स्विस असे परदेशी होते. रोमने राजाश्रय काढून घेतला की आपल्या माणसाच्या जागी परका साहेब येणार, अशी भीती लोकांच्या मनात बसली. राजाशी असलेल्या निष्ठेमागे ही अस्मितेची वेदना होती. ती ओळखल्याशिवाय आल्वारिस समजत नाहीत.

एका गावात दोन बिशप

मुंबई बेटात हा वाद सर्वांत तीव्र झाला. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटातून काढून कार्मेलाईट संन्याशांना बोलावले. पुढे १७९४ साली चर्चेसची वाटणी झाली. काही गोव्याच्या महागुरुस्वामींकडे आणि काही रोमने नेमलेल्या बिशपांकडे गेल्या. एकाच बेटावर दोन अधिकारक्षेत्रे सुरू झाली.

१८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी ब्रिटिश हद्दीतील बहुतेक ठिकाणची राजाश्रयाची सत्ता संपुष्टात आणणारे आज्ञापत्र काढले. राजाच्या संमतीवाचून हे पत्र लागू होत नाही, असे म्हणत राजाश्रयाच्या बाजूच्या अनेक धर्मगुरूंनी ते मानले नाही. प्रतिपक्षाने त्यांना फुटीर म्हटले. ते स्वतःला शेवटपर्यंत कॅथलिकच समजत होते. १८५३ साली मुंबईतील माहीम येथे (हे केळव्याशेजारचे माहीम नव्हे) सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून प्रकरण हातघाईवर आले. रोमने नेमलेले कापुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन चर्च सोडेनात आणि विरोधकांनी बाहेरून वेढा दिला. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले आणि चर्च राजाश्रयाच्या पक्षाकडे गेले. ज्या वेदीवर एकतेचा संस्कार साजरा व्हायचा, तिच्याच दाराशी ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसाला अडवून उभा होता.

१८५७ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला, पण तो पूर्णपणे अमलात आला नाही. अखेर २३ जून १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांच्या कारकिर्दीत दुसरा करार झाला. गोव्याच्या महागुरुस्वामींना पूर्वेचे पॅट्रिआर्क हा मान मिळाला. दमण धर्मप्रांत निर्माण झाला. मुंबईसारख्या काही जागी राजाश्रयाखालील चर्चेस कायम राहिल्या. परंतु मंगळूर आणि सिलोन येथील अनेक समूह, जे पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या अखत्यारीत होते, ते नव्या परदेशी बिशपांच्या हाती सोपविले गेले.

केळवे ते वसई हा पट्टा दमणकडे गेल्याने येथील माणसाला आपले धर्मगुरू गमवावे लागले नाहीत. म्हणून आपल्याकडे मोठी फूट पडली नाही. हे श्रेय केवळ आपल्या पूर्वजांच्या आज्ञाधारकतेचे मानणे धाडसाचे होईल. त्यांच्या आज्ञाधारकतेची तेवढी कठीण परीक्षाच झाली नाही. कारवारच्या खाली, ब्रह्मावरच्या श्रद्धावंतांची मात्र झाली.

विनंती, निषेध आणि फारकत

मुंबईतील गोमंतकीयांनी या वेळी राजाश्रयाच्या रक्षणासाठी एक सभा स्थापन केली होती. तिचे दोन आधारस्तंभ म्हणजे डॉ. पेद्रु मानुएल लिश्बोआ पिंतु आणि फादर आल्वारिस. त्यांनी रोमला अर्ज पाठविले, पोर्तुगालच्या सरकारकडे गाऱ्हाणे नेले, ब्रिटिश सरकारचेही दार ठोठावले. येथवर त्यांनी जे केले त्यात ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वावगे असे काही नव्हते. आपल्या समाजाचे दुःख मेंढपाळांच्या कानी घालणे हे श्रद्धावंताचे कर्तव्यच होय.

अर्जांना यश आले नाही. रोम आणि लिस्बन यांच्यामध्ये जे ठरले ते ज्यांच्यावर लागू होणार होते त्या लोकांना कोणी विचारले नव्हते, आणि आता ते बदलायलाही कोणी तयार नव्हते. ज्या राजाच्या हक्कासाठी ही माणसे लढली त्या राजानेच करारावर सही केली होती. आल्वारिस यांच्यापुढे दोन वाटा उरल्या. मनातले दुःख मनात ठेवून, प्रसंगी ते बोलून दाखवून, एकतेत राहणे ही एक. दुसरी वाट बाहेर जाण्याची होती. त्यांनी ती दुसरी वाट निवडली.

१८८७ च्या सुमारास ते केरळमधील मलंकारा सिरियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेकडे वळले. ही संत थोमाच्या परंपरेतील प्राचीन ख्रिस्तसभा अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कांशी जोडलेली होती आणि रोमचा अधिकार मानीत नव्हती. २८ जुलै १८८९ रोजी कोट्टयम येथील जुन्या सिरियन चर्चमध्ये आल्वारिस यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. दीक्षा देणाऱ्यांमध्ये पुलिक्कोट्टिल मार दिओनिसियस आणि परुमलचे मार ग्रेगोरियस हे होते. परुमलच्या मार ग्रेगोरियस यांना त्यांची ख्रिस्तसभा आज संत मानते. आल्वारिस यांना मार युलियस हे नाव आणि गोवा, सिलोन व मलबार वगळता उर्वरित भारताचे महाबिशप हे पद मिळाले. त्यांच्या लोकांना लॅटिन पद्धतीची उपासना चालू ठेवण्याची मुभा होती. म्हणजे मिस्साबली तोच, प्रार्थना त्याच, संतांची नावेही तीच. तुटला तो पेत्राच्या आसनाशी असलेला संबंध.

सिलोन आणि गोवा

नव्या महाबिशपांनी कोलंबोच्या हुल्फ्ट्‌सडॉर्प भागातील चर्चमध्ये आपले आसन मांडले. डॉ. लिश्बोआ पिंतु तेथे त्यांच्या सोबत होते. हेच डॉक्टर पुढे १८९३ साली सिलोनमधील छापखान्यांतील कामगारांची पहिली संघटना उभी करण्यात अग्रभागी होते. इकडे कर्नाटकच्या किनाऱ्यावर ब्रह्मावर येथे फादर रोक झेफ्रिन नोरोन्हा यांनी नव्या समूहाचा सांभाळ केला. तो समूह आजही तेथे आहे.

२९ मे १८९२ रोजी कोलंबो येथे मार युलियस यांनी रेने विलात या फ्रेंच वंशाच्या, अमेरिकेत कार्य करणाऱ्या धर्मगुरूला बिशपपदाची दीक्षा दिली. विलात परत गेल्यावर त्यांनी स्वतःच्या मर्जीने इतरांना दीक्षा दिल्या. त्यांतून पाश्चात्त्य देशांत एकमेकांशी न जुळणारे कितीतरी छोटे स्वतंत्र पंथ निघाले. विलात स्वतः १९२५ साली रोमशी समेट करून परतले आणि १९२९ साली फ्रान्समध्ये मरण पावले. त्यांनी सुरू केलेली फूट मात्र त्यांच्याबरोबर परतली नाही. फूट पाडणाऱ्याला तिचा शेवट कोठे होईल हे ठरविता येत नाही, हा या घटनेचा धडा आहे.

आल्वारिस यांना गोव्याची ओढ स्वस्थ बसू देईना. तेथे परतल्यावर पोर्तुगीज सरकारशी त्यांचा संघर्ष पुन्हा पेटला. १८९० च्या दशकात त्यांना अटक झाली, बिशपाची वस्त्रे उतरविण्यात आली, राजद्रोहासारखे आरोप ठेवण्यात आले, पण आरोप टिकले नाहीत. बिशपाची वस्त्रे घालण्यास त्यांना बंदी झाली. ज्यांनी एके काळी पोर्तुगालच्या राजाच्या हक्कासाठी रोमशी भांडण मांडले, त्यांना त्याच राजाच्या शिपायांनी कोठडीत टाकले. राजसत्तेच्या आधाराने श्रद्धेचे रक्षण करू पाहणाऱ्याला इतिहासाने दिलेले हे उत्तर कठोर आहे.

गरिबांचा पाद्री

यानंतरच्या आल्वारिस यांच्या जीवनापुढे मात्र मान आपोआप लवते. अनुयायी थोडे, पैसा नाही, सरकार विरोधात, ख्रिस्तसभेने बहिष्कृत मानलेले. अशा स्थितीत त्यांनी पणजी व रायबंदर येथे आपले उरलेले आयुष्य सर्वांत टाकलेल्या माणसांना वाहिले. त्यांच्या घरात भिकारी, क्षयरोगी आणि कुष्ठरोगी राहत. त्यांच्या जेवणासाठी हा वृद्ध बिशप स्वतः हातात वाडगा घेऊन पणजीच्या रस्त्यांवर फिरे. पटकीच्या साथींनी माणसे मरत होती तेव्हा त्यांनी तिच्या उपचारांवर पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली. भात अपुरा पडणाऱ्या गोव्यात लोकांनी कसावाचे, म्हणजे साबुदाणा ज्यापासून होतो त्या कंदाचे, पीक घ्यावे म्हणूनही त्यांनी लिहिले.

२३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात अतिसाराने त्यांचे निधन झाले. कॅथलिक ख्रिस्तसभेशी समेट घडवून आणण्याचा प्रयत्न अखेरच्या दिवसांत झाला, परंतु त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. त्यांच्या पंथाचा धर्मगुरू जवळ नव्हता. म्हणून पणजीच्या सांत इनेज दफनभूमीत त्यांना कोणत्याही धर्मविधीविना मूठमाती देण्यात आली. अंत्यदर्शनाला मात्र शहर लोटले होते आणि त्या गर्दीत सर्वांत जास्त होते ते गरीब. पुढे त्यांचे अवशेष रायबंदर येथील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नेण्यात आले.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आल्वारिस यांची चूक नेमकी कोठे झाली? त्यांनी पोपमहोदयांच्या निर्णयावर टीका केली, यात ती चूक आहे काय?

पवित्र शास्त्रात गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल सांगतो की अंत्युखिया येथे त्याने पेत्राला तोंडावर विरोध केला, कारण परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबरचे जेवण पेत्राने लोकांच्या भीतीने टाळले होते. पेत्राचे वागणे चुकले होते आणि पौलाने ते स्पष्ट सांगितले. पण पौल पेत्राला सोडून गेला नाही. चौदाव्या शतकात पोप आविन्यों येथे जाऊन राहिले होते तेव्हा सिएनाच्या संत कॅथरिनने अकरावे ग्रेगरी यांना कडक शब्दांत पत्रे लिहिली. १३७७ साली पोप रोमला परतले. ती बोलली ती मुलीच्या अधिकाराने आणि मुलीच्याच प्रेमाने.

१८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपमहोदयांच्या अधिकाराची व्याख्या केली. तिच्याविषयी आपल्यात दोन टोकांचे गैरसमज आढळतात. काहींना वाटते की पोप जे जे बोलतात ते सर्व अचूक असते. परिषदेने तसे म्हटलेले नाही. सर्व ख्रिस्तसभेचे गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयी, सर्वांना बंधनकारक अशी अंतिम व्याख्या ते करतात तेव्हाच अचूकतेचे वरदान लागू होते. धर्मप्रांताची सीमा कोठे आखावी हा असा विषय नव्हे. दुसऱ्या टोकाला काहींना वाटते की अचूकता नाही तेथे आज्ञापालनही नाही. हेही बरोबर नाही. शिस्त आणि कारभार यांबाबतही पोपमहोदयांना खरा अधिकार आहे, असे त्याच परिषदेने शिकविले. कारभारातील आज्ञा शहाणपणाची नाही असे आपण मानू शकतो, तसे म्हणू शकतो, ती बदलावी म्हणून विनंती करू शकतो. तरीही ती पाळण्याचे बंधन राहते.

मग मर्यादा कोठे? १८७५ साली जर्मनीच्या बिशपांनी बिस्मार्कच्या आरोपांना उत्तर देताना स्पष्ट केले की पोप हे मनमानी करणारे सम्राट नव्हेत. देवाचा नियम आणि प्रभू येशूने ख्रिस्तसभेला दिलेली घडण यांनी तेही बांधलेले आहेत. पोप नववे पायस यांनी या निवेदनाला संमती दिली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी, ज्यांना २०१९ साली संतपद मिळाले, सदसद्विवेकबुद्धी आणि पोपमहोदयांचा अधिकार यांचे नाते उलगडणारे दीर्घ पत्र लिहिले. देव पाप करायला सांगत नाही, म्हणून देवाच्या नावाने कोणीही पाप करण्याची आज्ञा देऊ शकत नाही. अशी आज्ञा आली तर ती न पाळणे हेच कर्तव्य. मात्र मला पटत नाही, माझ्या मानाला धक्का बसतो, माझ्या गटाचे नुकसान होते, एवढ्याने आज्ञा पापाची ठरत नाही. विवेकबुद्धीचा आधार घेण्यापूर्वी प्रार्थना, अभ्यास आणि सल्ला यांनी ती पारखून घ्यावी लागते.

आजच्या धर्मकायद्यातही हे दोन्ही आहे. १९८३ च्या संहितेतील कलम २१२ नुसार ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत मेंढपाळांना कळविण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे आणि कधीकधी ते त्यांचे कर्तव्यही असते. मात्र श्रद्धेची व नीतीची शुद्धता, मेंढपाळांविषयी आदर आणि सर्वांचे हित यांचे भान ठेवून. कलम ७५१ पोपमहोदयांच्या अधीन राहण्यास किंवा त्यांच्या अधीन असलेल्या श्रद्धावंतांशी एकतेत राहण्यास नकार देण्याला फूट म्हणते. या दोन कलमांच्या मध्ये फार मोठी मोकळी जागा आहे. फादर आल्वारिस त्या जागेत बरीच वर्षे होते. १८८६ च्या कराराने त्यांना कोणतेही पाप करायला सांगितले नव्हते. सांगितली होती ती एक अपमानास्पद वाटणारी, कदाचित अविचारी, पण सोसता येण्यासारखी गोष्ट. ते त्या मोकळ्या जागेतून बाहेर पडले, हीच त्यांची चूक म्हणावी लागेल.

इतिहासाने दिलेले उत्तर

दोष एकाच बाजूला टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. ज्यांच्या जीवनावर निर्णयाचा परिणाम होणार होता त्यांना विश्वासात घेतले असते, त्यांच्या धर्मगुरूंचा मान राखला असता, तर ब्रह्मावरची कितीतरी कुटुंबे आज आपल्याच वेदीभोवती असती. आज्ञा देणाऱ्यावरही जबाबदारी असते. ऐकणे हा अधिकाराचाच एक भाग आहे.

ज्या दुःखाने आल्वारिस बाहेर गेले त्याचे कारण पुढे ख्रिस्तसभेच्या आतच दूर झाले. १९२८ च्या करारानुसार मुंबईच्या महागुरुस्वामीपदी आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश व्यक्ती यावी असे ठरले. पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा यांच्यानंतर १९३७ साली इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले. आता येथे भारतीय महागुरुस्वामी हवा, हे त्यांनी ओळखले. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे सहायक बिशप झाले आणि रॉबर्ट्स यांनी स्वतः बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली. १९५० साली पोर्तुगालने भारतातील आपले हक्क सोडले, ग्रेशियस मुंबईचे महागुरुस्वामी झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल. परक्या राजाचा आश्रय गेला आणि परका साहेबही गेला. आल्वारिस यांना जे हवे होते ते सत्तावीस वर्षे उशिरा, पण एकता न मोडता मिळाले.

दुरावलेली माणसेही हळूहळू जवळ येत आहेत. १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि सिरियन ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क झक्का यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. स्वतःच्या धर्मगुरूपर्यंत पोहोचणे अशक्य असेल तेव्हा त्या ख्रिस्तसभेच्या भाविकाला आपल्या धर्मगुरूकडून आणि आपल्या भाविकाला त्यांच्या धर्मगुरूकडून प्रायश्चित्त, ख्रिस्तशरीर व रुग्णाभ्यंग हे संस्कार घेण्याची सोय त्यात आहे. १९९० साली मलंकारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेबरोबरही प्रभू येशूविषयीच्या शिकवणीबाबत संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. रायबंदरच्या इस्पितळात १९२३ साली ही समजूत असती, तर एका वृद्ध बिशपाला प्रार्थनेविना मातीत जावे लागले नसते.

आपल्या धर्मग्रामांतही लहान प्रमाणावर हेच प्रश्न येतात. आवडत्या फादरांची बदली होते, मिस्साची वेळ किंवा भाषा बदलते, धर्मग्रामाची हद्द नव्याने आखली जाते, जमिनीविषयी निर्णय होतो. अशा वेळी गप्प बसणे हीच निष्ठा असे समजू नये. मत मांडावे, लेखी द्यावे, पुन्हा भेटावे, वरच्या पायरीवर न्यावे. आणि इतके करूनही निर्णय बदलला नाही, तर पुढच्या रविवारी त्याच ख्रिस्तमंदिरात, त्याच बाकावर, ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्या शेजारी बसावे. हे शेवटचे पाऊल सर्वांत अवघड असते. फादर आल्वारिस यांच्यासारख्या दयाळू, विद्वान, निर्भय माणसालाही ते जमले नाही. त्यांच्या वाडग्यातील अन्नावर जगलेल्या गरिबांच्या प्रार्थना त्यांच्या पाठीशी आहेत. आपणही आपल्या प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवू या, आणि त्यांच्या बरोबरीने ब्रह्मावर व रायबंदर येथील त्या बांधवांचीही, जे आपल्याच पूर्वजांच्या भांडणामुळे आपल्यापासून दूर राहिले.